धारकाचं आडनाव

माझ्या नवऱ्याचा उजवा हात माझ्या भावाने मोडला, असं आमच्या गावात सांगतात. कोर्टाच्या निकालातही तसंच आहे. वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं.

हात मी मोडला. तीन घाव. पहिला भीतीने, दुसरा रागाने. तिसऱ्याच्या वेळी मला नीट माहीत होतं मी काय करतेय ते.

आणि हे सगळं वेबसाइटला नाव काय द्यायचं यावरून. हसायचं तर हसा. अर्जाचा कागद माझ्याकडे आहे, छापून घेतलेला. त्याच्या रकान्यांच्या क्रमाने सांगते, नाहीतर मी तिसऱ्या घावापासून सुरुवात करेन आणि तिथेच अडकून बसेन.

हवं असलेलं नाव:

फेब्रुवारीतला रविवार. खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ. टेबलावर कॉफी, वेलदोड्याचा पाव, आणि एक कोरा कागद.

माझा नवरा इल्पो सुऱ्या घडवतो. शिकारीच्या, मासे सोलायच्या, कमरेला लावायच्या. भट्टी माझ्या वडिलांची. इल्पो कुओपियोकडचा; विशीत शिकायला म्हणून आला, माझ्याशी लग्न करून इथेच राहिला. त्याला बावीस वर्षं झाली. पात्यावर पोलादी ठसा ठोकतो, तो मात्र घराच्या नावाचा. रिंताकोर्पी.

आमच्या भागात नाव माणसाचं नसतं, घराचं असतं. ज्या घरात राहतोस, ज्या चुलीचं खातोस, त्या घराचा तू. म्हणून गावाच्या तोंडी माझा नवरा ‘रिंताकोर्पीचा इल्पो’. आणि माझा सख्खा भाऊ तार्मो, जो याच घरात जन्मला, तो बायकोच्या घरी राहायला गेला त्या दिवसापासून ‘काउप्पीचा तार्मो’. पासपोर्टवर काय आहे ते गावात कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमच्या सुऱ्या घेणारी दोन्ही दुकानं बंद झाली. आता इंटरनेटवर विकायच्या, नाहीतर भट्टी विझवायची. मार्चपासून साध्या माणसांनाही वेबसाइटसाठी डॉट एफआयचं, म्हणजे आमच्या देशाचं, नाव मिळणार होतं. तोवर ते फक्त कंपन्यांना मिळायचं. जो आधी मागेल त्याचं.

नाव कसं निवडायचं यावर इल्पोचं एक मत होतं. धार लावायची सहाण फिरत असताना फोनवर ओरडून सांगितलं, तरी समोरच्याला ते बिनचूक लिहिता आलं पाहिजे. म्हणून त्याने खरोखरच सहाण चालू केली आणि माझ्या लेंपीआत्याला फोन लावला. आत्या चौऱ्याऐंशीची, एका कानाने बहिरी.

‘उत्तरेची धार.’ आत्याने लिहून घेतलं आणि विचारलं, “न्हाव्याचं दुकान काढताय का रे?”

‘इल्पोच्या सुऱ्या.’ “कोण इल्पो?” बावीस वर्षं तो तिच्याकडे नाताळला जेवतोय.

‘लोखंड-भूर्ज.’ मधे जोडरेघ आहे का, हे तिने तीनदा विचारलं. इल्पो म्हणाला, जोडरेघ म्हणजे तीन गिऱ्हाइकं गेली.

‘रिंताकोर्पी.’

“हे काय लिहायचं? हे मला येतं,” आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

इल्पोने बाकीची सगळी नावं खोडली. त्याच वेळी तार्मो आत आला. दार न वाजवता, कारण घर त्याच्या बापाचं. शहरात त्याचं दुकान आहे; गळ, बंदुकीच्या गोळ्या, रबरी बूट.

“काय, नावं काढताय? या वयात पाळणा हलवणार वाटतं.”

“वेबसाइटचं नाव,” मी म्हटलं. “बस. कॉफी घे.”

तो बसला नाही. कागद उचलून बराच वेळ बघत राहिला. एकच तर शब्द उरला होता त्यावर.

“हे माझं आहे.”

“घराचं आहे,” इल्पो म्हणाला.

“दाजी, तुझ्या पासपोर्टवर काय आहे? रिस्सानेन. कुओपियोत दगड भिरकावला तर कुठल्या ना कुठल्या रिस्सानेनला लागतो. तू रिस्सानेन डॉट एफआय घे की. माझ्या पासपोर्टवर रिंताकोर्पी आहे. आणि मला ते लागणार आहे. सहाशे सुऱ्या मागवल्यात मी. यंत्रावर कापलेल्या. ठसा मारायचा तेवढा राहिलाय.”

“तू काउप्पीचा,” इल्पो म्हणाला. “अख्ख्या गावाला विचार.” आणि तो हसला.

कुओपियोकडची माणसं बोलता बोलता हसतात. त्यात त्यांचं काही नसतं. आमच्याकडे तसं हसणं म्हणजे थोबाडीत मारणं.

तार्मोने त्याची मान मागून धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदाच. नेमकं बशीवर. बशीचे दोन तुकडे झाले, आणि इल्पोने मान वर केली तेव्हा त्याचा वरचा दात बशीच्या मोठ्या तुकड्यात पडला होता. पावावर रक्त ठिबकत होतं. मी चुलीवरचं कॉफीचं भांडं उचललं आणि तार्मोच्या मानेवर ओतलं. उकळती होती. ती उकळती आहे हे मला माहीत होतं.

तार्मो ओरडला नाही. आमच्या घरात कोणी ओरडत नाही. त्याने फक्त कॉलर मानेपासून दूर धरली आणि दोन पावलं मागे सरकला.

“मार्चमध्ये बघू,” तो म्हणाला. “जो आधी मागेल त्याचं.”

मी दात धुऊन कपात ठेवला. दंतवैद्य म्हणाला, उशीर झाला.

धारकाचं आडनाव:

मार्चमधली सकाळ. इल्पोची बोटं जाड, एक अक्षर दाबायला गेला की तीन उमटतात. म्हणून मी टाइप करत होते. तो मागे उभा होता, दात गेलेल्या जागेत जीभ घालून. आमचं इंटरनेट फोनच्या तारेतून चालायचं. पान उघडेपर्यंत एक कप संपायचा.

धारकाचं पहिलं नाव. इल्पो.

धारकाचं आडनाव.

इथे माझी बोटं थांबली नाहीत. सगळी गोष्ट एवढीच आहे. ती थांबायला हवी होती. मी लिहिलं, रिंताकोर्पी.

नाताळच्या कार्डांवर मी तेच लिहायचे. टपालपेटीवर तेच होतं. चर्चच्या कॉफीच्या पाळीच्या यादीत तेच. पोस्टमन, पशुवैद्य, धर्मगुरू सगळे त्याला तेच म्हणायचे. मागे उभ्या असलेल्या इल्पोनेही वाचलं आणि मान हलवली.

मंजूर.

नंतर कळलं, तार्मोचा अर्ज आमच्यानंतर चौदा मिनिटांनी पोचला होता.

साइट मीच जमवली. चार सुऱ्यांचे फोटो, भूर्जाच्या सालीच्या मुठी, आणि भट्टीपुढे उभा इल्पो, ओठ मिटून. फोटोखाली काय लिहायचं ते त्याने स्वतः सांगितलं. ‘इल्पो रिंताकोर्पी, या घराचा पाचवा लोहार.’ मी लिहिलं. पहिल्या आठवड्यात जर्मनीतून दोन मागण्या आल्या. मग नॉर्वेतून. मग एका स्वीडिश मासेमारी मंडळाने एकदम वीस मागवल्या.

त्या दिवसांत इल्पो ताठ चालू लागला. जेवताना शिट्टी वाजवायचा. दात नसल्याने ती वेगळीच वाजायची. एकदा रात्रीच्या जेवणाआधी त्याला मी संगणकापुढे पाहिलं. मागण्या बघत नव्हता. स्वतःचा फोटो आणि त्याखालची ओळ वाचत होता.

हरकत:

एप्रिलच्या मध्याला नावं नोंदणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. दुसऱ्या एका अर्जदाराने हरकत घेतली आहे. धारक म्हणून नोंदलेली ‘इल्पो रिंताकोर्पी’ या नावाची व्यक्ती लोकसंख्येच्या नोंदीत आढळत नाही. चौदा दिवसांत खुलासा करावा, नाहीतर नाव रद्द होऊन पुढच्या अर्जदाराला दिलं जाईल.

इल्पोने पत्र दोनदा वाचलं. “आढळत नाही,” तो म्हणाला. “मी आढळत नाही म्हणे.”

“चूक माझी. मी लिहिलं.”

“तू बरोबरच लिहिलंस,” तो म्हणाला, आणि हे त्याने हसून म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालपेटी मरून पडली होती. दुसरा शब्द सुचत नाही. कोणीतरी छर्ऱ्याच्या बंदुकीने तिला जवळून उडवलं होतं. पत्रा आतून बाहेर उलटलेला, नावातली पहिली तीन अक्षरं गायब, बाकीची भोकांतून आभाळ दाखवत होती. इल्पोने ती उपटून भट्टीत टाकली आणि लाल होईपर्यंत भाता चालवला. मग ठोकून तिचा चपटा तुकडा केला. कशासाठी, ते त्यालाही माहीत नसावं.

तार्मो पाचव्या दिवशी आला. मी अंगणात लाकडं रचत होते. तो माझ्याकडे न बघता भट्टीच्या खोलीत शिरला.

“पत्र मिळालं का, रिस्सानेनसाहेब?”

“जा,” इल्पो म्हणाला. त्याच्या सांडशीत तापलेलं पातं होतं.

“जातो. आधी माल बघू दे.” फळीवर स्वीडनच्या मागणीतल्या तयार सुऱ्या होत्या. तार्मोने एक उचलली, शेगड्याच्या लोखंडी पकडीत अडकवली आणि मुठीवर जोर टाकला. कट्‌. “ही रिंताकोर्पी मोडली.” दुसरी. कट्‌. “हीसुद्धा. बाप घडवायचा त्या वाकायच्या, मोडायच्या नाहीत. तू काय घालतोस रे लोखंडात, कुओपियोचं चिखलपाणी?”

तो खोटं बोलत होता. शेगड्यात तशी अडकवली तर कोणतीही सुरी मोडते, वडिलांचीही मोडली असती. पण इल्पो मोजत होता. मी दारातून त्याचे ओठ पाहिले. प्रत्येक कट्‌ला हलत होते. सातव्या सुरीला त्याने सांडशीतलं पातं तार्मोच्या दंडावर ठेवलं.

ठेवलं. मारलं नाही. जसं पाण्यात बुडवताना हळू सोडतो, तसं.

वास आधी आला, मग आवाज. तार्मोचा शर्ट पेटला नाही, आत वितळून चिकटला. तरीही तो ओरडला नाही. त्याने इल्पोच्या पोटात गुडघा घातला, दोघं कोळशाच्या ढिगावर पडले, आणि तिथे लोळत असताना तार्मोने इल्पोच्या कानाचा लचका तोडला. दातांनी. पन्नाशीला आलेला, दुकान चालवणारा माणूस. मी फावडं घेऊन आत गेले आणि जो वर दिसेल त्याला मारत सुटले. आधी तार्मो वर होता, मग इल्पो. दोघांनाही सारखंच पडलं असावं. शेवटी मी तापल्या पात्यांना पाणी द्यायच्या टाकीतलं तेलकट पाणी बादलीने त्यांच्यावर फेकलं, तेव्हा ते सुटले.

“नऊ दिवस राहिले,” तार्मो दारातून म्हणाला. त्याच्या हनुवटीवर माझ्या नवऱ्याचं रक्त होतं. “मग मी ठसा न्यायला येईन. नाव माझं झालं की ठसाही माझाच.”

पर्यायी नाव:

रिकामं सोडलं. इल्पोने सोडायला लावलं. मी दोन नावं सुचवली होती, आत्याने ती बिनचूक लिहिलीही असती. तो म्हणाला, दुसरं नाव टाकलंस तर मी आत्ता निघतो आणि रस्त्यात तार्मोच्या घरावरून जातो. कमरेला सुरी होती. ती त्याच्या कमरेला रोजच असते. पण त्या दिवशी त्याने तिच्यावर हात ठेवून हे म्हटलं.

धारकात बदल:

इल्पोच्या कानाची पट्टी बदलताना मला सुचलं. पत्र टेबलावरच होतं. ‘या नावाची व्यक्ती आढळत नाही.’ मी कापूस धरून उभी राहिले.

मी होते ना या आडनावाची. चोवीस वर्षांची होईपर्यंत होते. लग्न झालं तेव्हा बायकोने नवऱ्याचं आडनाव घ्यायचं असा कायदाच होता. कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. हिल्का रिस्सानेन. राहत घरातच होते, म्हणून गावाच्या तोंडी काही बदललं नाही, आणि कागद कोण बघतं. सगळे भांडले, इल्पो आणि तार्मो, पत्र आणि पासपोर्ट. नाव कोणाचं, या प्रश्नात मीही येते हे मलासुद्धा दिसलं नव्हतं.

मी इल्पोला सांगितलं नाही. त्याने तार्मोला सांगितलं असतं, चिडवायला. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

तेराव्या दिवशी मी बसने शहरात गेले. नोंदणी कार्यालयात एक तरुण बाई होती, केस निळे.

“कारण?” तिने विचारलं.

“लिहावं लागतं का?”

“नाही, मी आपली विचारते. बहुतेक घटस्फोट असतो.”

“नाही. वेबसाइट.”

तिने वर पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. “जन्माचं नाव आहे तुमचं. तुमचंच परत घ्यायला कसलं कारण लागतं?” आणि तिने शिक्का मारला. तिथूनच मी नावांच्या कचेरीला कागद फॅक्स केले. धारकात बदल. जुना धारक, नवा धारक. तासाभराने मी फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, मिळाले, सगळं ठीक आहे, श्रीमती रिंताकोर्पी.

बसमध्ये मी ते दोन शब्द पुटपुटत बसले. खोटं का बोलू? नुसतं सुटल्यासारखं नव्हतं वाटत. छातीत काहीतरी गरम होतं. जिंकल्यासारखं.

घरी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. इल्पो ठसा मारत होता.

“वाचलं,” मी म्हटलं. “नाव वाचलं.”

“कसं?”

“माझ्या नावावर केलं. आजपासून मी कागदावर रिंताकोर्पी.”

त्याने हातोडा खाली ठेवला. अगदी हळू, आवाज न करता. “आणि मी?”

“तू आहेसच की. अख्खं गाव म्हणतं.”

“कचेरी म्हणाली मी नाही. आता तूही म्हणतेस.”

“मी कुठे असं म्हटलं?”

“साइटवर माझा फोटो आहे. त्याखाली काय लिहिणारेस? हिल्का रिंताकोर्पीचा गडी?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. किंवा, नको, काहीही दुसरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “भट्टी माझ्या बापाचीच आहे, इल्पो.”

बावीस वर्षांत त्याने माझ्यावर हात उचलला नव्हता. उलट्या हाताने मारलं. ओठ फाटला. मी काही म्हणायच्या आत दुसरा. मी शेगड्यावर आपटले, भुवईवर खोक पडली आणि एक डोळा रक्ताने बंद झाला. दुसऱ्या डोळ्याने मी पाहिलं, त्याने माझं डावं मनगट धरून ऐरणीवर दाबलं होतं आणि उजव्या हाताने ठसा उचलला होता.

“तुझं ना?” तो म्हणत होता. “तुझंच ना? मग घे. असू दे तुझ्या अंगावर. कोणाला विचारायला नको, आढळतं की नाही.”

ठसा थंड होता, पण कडेला धार असते त्याला. पोलादात उतरतो, तर हाडात किती वेळ. तो त्याने माझ्या मनगटावर टेकवला. रडत होता. मग हातोड्यासाठी नजर फिरवली.

हातोडा माझ्या उजव्या हाताशी होता.

पहिला घाव बोटांच्या मुळांवर बसला. ठसा उडाला. मनगट सुटलं, मी तेव्हा पळू शकत होते. दार उघडं होतं. मी पळाले नाही. त्याचा हात अजून ऐरणीवरच होता, दुखण्याने तिथेच चिकटल्यासारखा. दुसरा घाव. मग मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की मी थांबणार नाही, आणि मलाही कळलं. तिसरा.

भात्यात उरलेली हवा सुस्कारत निघून गेली.

तार्मो मुदतीच्या एक दिवस आधीच, त्याच दुपारी आला. ठसा न्यायला. दारात उभा राहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर बसलेल्या इल्पोकडे, आणि त्याच्या मांडीवर ठेवलेल्या त्या हाताकडे, ज्यात आता कुठलं बोट कुठलं ते सांगता येत नव्हतं.

“हे तू?” त्याने मला विचारलं.

मी मान डोलावली.

“आणि तुझं तोंड यानं?”

त्याने इल्पोच्या बरगडीत एक लाथ घातली, फार जोरात नाही, रीत म्हणून घालावी तशी. मग त्याला काखेत धरून उठवलं आणि गाडीत घातलं. कोठाराच्या सावलीत थोडा मळका बर्फ उरला होता. मी बादली भरली आणि इल्पोचा हात त्यात धरून मागे बसले. बर्फ पटकन लाल झाला.

“उद्या मुदत संपते,” तार्मो गाडी चालवत म्हणाला.

“माझ्या नावावर झालंय.”

“रिस्सानेन?”

“रिंताकोर्पी. आज सकाळपासून.”

पुढची तीन गावं तो आरशातून माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, “च्यायला. तुझं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.”

इस्पितळात डॉक्टरने पोलिसाला बोलावलं. तरुण हवालदार, वहीचं नवं पान काढलेला. “कोणी केलं?”

इल्पोने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी वाट पाहत होते. खरं सांगते, मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“मी,” तार्मो म्हणाला.

“नाव?”

“रिंताकोर्पी. तार्मो रिंताकोर्पी. सुऱ्यांच्या घरातला.” पोलीस लिहीत होता आणि तार्मो त्याच्या पेनाकडे बघत होता. “दोन्ही शब्द नीट लिही.”

हवालदार इल्पोकडे वळला. इल्पोने तोंड मिटलं होतं. बायकोने हात मोडला असं सांगणारा माणूस आमच्या गावात पुन्हा सॉनात, वाफेच्या न्हाणीत, कोणाशेजारी बसू शकत नाही. “हो,” तो म्हणाला. “यानेच.”

“आणि तुमचा चेहरा?”

“पडले,” मी म्हटलं.

तिघांनी तीन वेळा खोटं सांगितलं, आणि तिघांचं जुळलं.

तार्मोला सात महिन्यांची शिक्षा झाली. माझ्यासाठी त्याने हे केलं असं कोणाला वाटत असेल, तर तो माणूस तार्मोला ओळखत नाही. निकाल वाचताना न्यायाधीशाने त्याचं पूर्ण नाव चार वेळा घेतलं. मी मोजत होते, आणि तोही मोजत होता. दर वेळी खांदे थोडे मागे जायचे. वर्तमानपत्रात आलं. आता दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर लोक विचारतात, “रिंताकोर्पीचा तार्मो सुटला का गं?” काउप्पीचा असं कोणी म्हणत नाही. लोहाराचा हात ऐरणीवर मोडणारा माणूस बायकोच्या घरचा असू शकत नाही. हरकत त्याने तुरुंगातून मागे घेतली. सहाशे सुऱ्या त्याच्या बायकोने परत पाठवल्या.

इल्पोला गावात आता काय म्हणतात, ते मला माहीत आहे. तो समोर असला की काहीच म्हणत नाहीत.

मुदत:

नाव किती काळासाठी घ्यायचं: एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं. मी पाचवर खूण केली.

बातमी छापून आल्यावर मागण्या दुपटीने वाढल्या. लोकांना त्याच भट्टीची सुरी हवी. एका माणसाने बेल्जियमहून लिहिलं, रक्ताचा डाग असला तरी चालेल. मी त्याला उत्तर दिलं नाही, पण सुरी पाठवली.

इल्पो निघून जाईल असं मला वाटलं होतं. एकदा पेटी भरलीही होती. मग मी एका सकाळी भट्टी पेटवली आणि एक पातं ठोकून काढलं. ते वाकडं झालं, तडा गेला. तो दारात उभा राहून बघत होता. “फार गरम केलंस,” तो म्हणाला. “पिवळ्यावर नाही ठोकायचं. नारिंगीवर.” पेटी अजून पलंगाखाली तशीच भरलेली आहे.

तेव्हापासून असंच चाललंय. तो सांगतो, मी ठोकते. खालून, हिल्का. आता उलट. थांब. आता पाण्यात. रागात असला की मला ‘मालकीण’ म्हणतो, आणि बरेचदा रागात असतो. फोटोखालची ओळ मी काढली नाही. त्याने काढायला सांगितलं नाही. तिथे अजूनही तो माणूस आहे, जो नोंदीत आढळत नाही, आणि त्याचा हात शाबूत आहे.

त्याचा उजवा हात आता चमचा धरतो, त्याहून जड काही नाही. डाव्या हाताचा सराव तो रोज करतो. मागच्या आठवड्यात त्याने डाव्याने एक खिळा घडवला, सरळ, टोकदार. आणून माझ्यापुढे ऐरणीवर ठेवला.

“कसा आहे?”

“चांगला आहे,” मी म्हटलं.

तो तिथेच उभा राहिला. मी पुढचं पातं भट्टीत घातलं, पण त्याच्याकडे पाठ केली नाही. भट्टीच्या कामात हे अवघड जातं. सवय होतेय.